डॉक्टरचं चारशे नव्व्याण्णव

"हे काय करून ठेवलंय याने!" ड्राफ्ट्समन ओरडलाच. समोर डॉक्टरची बायको बसली होती, डॉक्टरला जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता, पण त्याला भान राहिलं नाही. तिने आणलेल्या खोक्यातून वाफेचं इंजिन बाहेर आलं होतं. वीतभर लांबीचं, हिरवंगार, डॉक्टरचं लाडकं. नावाची पाटी उपटलेली होती आणि केबिनवर नंबर होता चारशे नव्व्याण्णव. तोही तिरका, शेवटचा नऊ तर पार खाली घसरलेला. दुसऱ्या बाजूला नंबरच नव्हता.

खऱ्या रेल्वेत या जातीच्या इंजिनांचे नंबर चारशे तीसवर संपले. चारशे नव्व्याण्णव कधी बनलंच नव्हतं. डॉक्टरचं इंजिन म्हणजे चारशे सात, 'ध्रुव'. त्याच नंबरापायी दोघा मित्रांचं फाटलं होतं.

डॉक्टरच्या माळ्यावर दोघांनी मिळून रूळ मांडले होते. नियम एकच, की एका नंबरची दोन इंजिनं धावायची नाहीत. खऱ्या रेल्वेत धावत नाहीत, मग इथे कशी धावतील? हा नियम ड्राफ्ट्समननेच घातला आणि स्वतःच त्यात अडकला. खऱ्या चारशे सातवर त्याच्या वडिलांनी उभा जन्म कोळसा टाकला होता, पण त्या नंबरचं छोटं इंजिन डॉक्टरने आधी आणलं. ड्राफ्ट्समनच्या नशिबी चारशे बारा. तो नंबर मागत राहिला, डॉक्टर हसण्यावारी नेत राहिला. एके दिवशी शब्दाने शब्द वाढला आणि ड्राफ्ट्समन आपलं इंजिन काखोटीला मारून निघून आला. डॉक्टरने अंथरूण धरल्याचं कळलं, तरी तो हटून बसला. आधी त्याने बोलवावं, मग बघू.

आणि आता हे. आपल्याला मिळू नये म्हणून गड्याने नंबरच घालवला. जाता जाताही खोडी काढल्याशिवाय राहिला नाही!

त्याने कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली. खालचा रंग न दुखावता आकडा उचलायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. जरा भिजू द्यायचं, मग काडी हलकेच फिरवायची. असला खोटा नंबर त्याला डोळ्यांसमोर नकोच होता. घसरलेला नऊ गेला. मग दुसरा.

"वहिनी, जमत नव्हतं तर त्याने हात लावलाच कशाला?"

"आजारपणात उजवा हात लुळा पडला होता ना त्यांचा. डाव्याने चिकटवत बसायचे, दिवसचे दिवस. मी मदत करते म्हटलं, तर अंगावर आले. एकच बाजू झाली, दुसरी राहूनच गेली."

ड्राफ्ट्समन ऐकत होता, पण सवयीचा हात थांबला नाही. चारचा आकडाही निघाला.

वहिनींनी पर्समधून काडेपेटी काढली. आत पितळेची इवलीशी पाटी होती, 'ध्रुव'. "ही तुमच्या इंजिनाला लावायची. चारशे सात आता तुमचं. एका नंबरची दोन चालत नाहीत ना तुमच्यात, म्हणून त्यांनी आधी आपला काढून टाकला. तुम्ही आलात की दोन्ही इंजिनं बरोबर सोडायची होती त्यांना. बोलवा म्हटलं, तर म्हणायचे, येईल तो आपणहून."

"पण मग... चारशे नव्व्याण्णव?"

"मीही विचारलं. म्हणाले, जो कुणाचाच नाही असा नंबर घेतो. म्हणजे पुन्हा कुणी माझ्यावर रुसायला नको."

ड्राफ्ट्समनने केबिनकडे पाहिलं. काम इतकं सफाईने झालं होतं, की तिथे कधी काही चिकटवलेलं होतं, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.