तांबडीची सोबत

"शनिवारपर्यंत राहू दे की तिला खालीच," मिलिंद म्हणाला. "अजून लंगडतेय."

"कुठे लंगडतेय?" आईने तांबडीला बेसमेंटच्या फरशीवर सोडलं. ड्रायरमागून एक फेरी मारून कोंबडी तुरुतुरु परत आली. शेजाऱ्याच्या कुत्र्याने तिची मांडी फाडली होती. आईने रोज कोमट पाण्याने धुऊन, हळद-तेल लावून जखम भरून आणली. आता पिसांवर नुसता पिवळा डाग उरला होता.

"तरी रिस्क कशाला घ्यायची?" मिलिंद म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

लंगडण्याचं नुसतं निमित्त. शनिवारी ऑफिसची मंडळी जेवायला यायची होती. ती मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा आई भारतातून नुकतीच आलेली. मॅनेजरसाहेब पुरे पुरे म्हणत ताटावर आडवा हात धरून बसलेले, आणि या माउलीने हाताखालून पुरणपोळी सरकवली, वर तुपाची धार धरली. तूप साहेबांच्या बोटांवर. साहेब खो खो हसले, बोटं चाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं ते मिलिंदला. पुढच्या खेपेला नेमकी तांबडी जखमी. "आई, ती एकटी घाबरेल. तू बस खाली तिच्याजवळ," त्याने सुचवलं. आई आपलं ताट घेऊन जिना उतरली. वर गप्पा छान रंगल्या आणि त्या रात्री मिलिंदला गाढ झोप लागली. त्या झोपेचीच त्याला आता सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

"सारखी खिडकीकडे बघते रे," आई म्हणाली. "बाहेर बाकीच्या ओरडल्या की दाणा टाकून उठते. जाऊ दे तिला तिच्या माणसांत."

साडीवर मिलिंदचं जुनं जॅकेट चढवून, कोंबडी काखेत मारून ती निघालीसुद्धा. कॅनडातल्या सस्काटूनबाहेरचं मोकळं माळरान, सप्टेंबरातच वारा झोंबत होता. मिलिंद मागोमाग गेला.

जाळीच्या आत सोडल्याबरोबर थोरली पांढरी तांबडीवर धावून आली आणि मानेवर दोनदा टोचलं. तांबडी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली. मिलिंदला चक्क बरं वाटलं.

"बघ, मी म्हणत होतो ना? चल, परत नेऊ."

"थांब जरा."

आईने दाणे फेकले. सगळ्यांची डोकी खाली गेली. तांबडी कडेकडेने आली, आणखी एक टोच खाल्ली, तरी हटली नाही. मग तिनेही मधे मान घातली. थोड्या वेळाने तिच्याकडे कोणी बघेनासं झालं.

शनिवारी तू वरच बस, आमच्यात बस, एवढंच मिलिंदला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. पण साहेबांची तुपाने माखलेली बोटं डोळ्यांसमोर आली आणि तो बाहेर पडलेले दाणे बुटाने आत सारू लागला.

आईने जाळीची कडी लावली. त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "शनिवारची काळजी करू नकोस. कोंबडी अजून बरी नाही म्हणून सांग सगळ्यांना. मी बसेन खाली. तिला कशाला कोंडायची?"