सोनाराचा सांधा

"दादा, त्या गाडीतला सांधा माझाच. कंटाळा केला. माफ कर. एक ओळ तरी लिही."

धाकट्या भावाच्या या पत्राला मिस्त्रींनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र फ्यूजच्या खणात पडून होतं. शेजारी एका डबीत जळून काळा पडलेला, बोटभर लांबीचा तारांचा सांधा. तो ज्या गाडीतला होता ती भर रस्त्यात पेटली होती. माणसं वाचली, पण गॅरेजच्या नावाची राख झाली. त्या सांध्याला सोल्डरचा थेंब नव्हता. नुसता पीळ, वर टेप. धाकट्याने तो हातात फिरवून फिरवून पाहिला, मग मोठ्या भावाकडे पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "माझाच." त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी त्याला हत्यारांसकट बाहेर काढलं.

सगळे धाकट्याला सोनार म्हणत. दागिना घडवावा तसा एकेक सांधा सोल्डर करत बसायचा. शंभर सांधे नटवलेस आणि नेमका एकशे एकावा तसाच सोडलास? हा डूख मिस्त्रींनी सोडला नाही. उत्तर न देणं हीच त्याची शिक्षा. सोनाराने पुलापलीकडे दुकान थाटलं तेव्हापासून ते एकाच बातमीची वाट पाहत होते.

आज ती बातमी स्वतःच्या चाकांवर चालत दारात आली. गाडी जुनी होती. मालक दातांचे डॉक्टर, आणि चांगलेच तापलेले.

"लांबून बटण दाबा, गाडी आपोआप चालू, असं म्हणाला होता. बटण दाबलं की हॉर्न बोंबलतो, दिवे डोळे मिचकावतात आणि इंजिन दोन उचक्या देऊन गप्प. किल्लीने मात्र झक्क चालते. काल तर जळका वास आला."

"रिमोट बसवला कोणी?"

"पुलापलीकडचा सोनार. तुमचाच भाऊ ना तो?"

"होता."

"मग बरंच झालं, तुम्ही भीड धरणार नाही. बिघाड त्याचाच, एवढं लिहून द्या. लेखी तक्रार करतो. दुकानाला टाळंच लागलं पाहिजे."

"आधी तोंड तर उघडू, डॉक्टर," मिस्त्री म्हणाले. "कीड दिसली की लिहून देतो. अगदी सही-शिक्क्यासकट."

इतकं गोड ते कित्येक महिन्यांत कोणाशी बोलले नव्हते.

स्टिअरिंगखालचं झाकण काढून, पाठीवर झोपून ते आत शिरले. टॉर्च दातांत, चिमटा डाव्या हातात. रिमोटचा डबा सापडला. त्यातून निघालेले आठ सांधे सापडले. आठही सोल्डर केलेले, नळी चढवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर सोनाराचं मुंगीएवढं अक्षर. मिस्त्रींनी एकेक ओढून पाहिला. एक तरी सैल निघ रे, एक तरी. एकही हलला नाही.

मग रिमोटची अर्थिंग ज्या तारेला जोडली होती, तिच्यामागे ते गेले. ती पायपुसण्याखाली, गालिच्याच्या आत उतरली होती. तिथे टेपचा एक चिकट, वितळलेला गोळा हाताला लागला. त्यांनी तो सोलला. आत उघडं तांबं. सोल्डर नाही. नुसता पीळ, आणि तोही सैल पडलेला.

"सापडला!" मिस्त्री इतक्या जोरात उठले की डोकं स्टिअरिंगवर आपटलं.

"त्याचाच ना?"

उत्तर द्यायला ते थांबले नाहीत. सांधा कापून घेतला, आत जाऊन खणातली डबी आणली, आणि डॉक्टरांच्या तळहातावर दोन्ही सांधे शेजारी शेजारी ठेवले. एक काळा, एक तांबूस.

"हा अकरा वर्षांपूर्वीचा. याने एक गाडी जाळली. हा आत्ताचा, तुमची जाळणार होता. नीट बघा, डॉक्टर. एकच हात आहे!"

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. बारीक बघण्याची सवय होतीच.

"हात एकच आहे खरा," ते म्हणाले. "दोन्ही पीळ उलटे गेलेत, डावीकडे. तुमचा भाऊ डावरा आहे का हो?"

मिस्त्रींच्या डाव्या हातातला चिमटा तसाच राहिला. काळ्या सांध्याला सोल्डर नाही हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. पीळ कुठे जातो हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"ही गाडी आधी कोणाची होती?" त्यांनी हळूच विचारलं.

"होती एका बँकेतल्या साहेबांची. दारांचं सेंट्रल लॉकसुद्धा त्यांनीच बसवून घेतलेलं."

बँकेतले साहेब. लॉक. ते याच गॅरेजात बसलं होतं. गालिचा उचलून तार खाली नेली होती ती कोणी, ते मिस्त्रींना आठवलं. मग दुसरी गाडी आठवली, जळालेली. सोनार सोल्डर तापवत बसला होता, गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं, आणि कोणीतरी म्हणालं होतं, "सोड रे ते सोनारकाम, शेवटचा मी उरकतो. माझ्या पिळाला सोल्डर लागत नाही."

"मग? लिहून देता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"देतो."

त्यांनी डाव्या हाताने लिहिलं, "रिमोटचं काम चोख. बिघाड जुन्या सांध्यात. सांधा माझा." खाली सही केली, शिक्का मारला. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मिस्त्रींनी सोल्डर पूर्ण तापू दिलं, मगच नवा सांधा केला. बटण दाबलं तशी गाडी निमूटपणे चालू झाली.

दुपारी त्यांनी एक ओळ लिहायला घेतली. तीन कागद फाडले. शेवटी पाकिटात कागद घातलाच नाही. पुलापलीकडचा पत्ता घातला, कोपऱ्यापर्यंत चालत गेले, आणि पाकीट पेटीत सोडलं.

तळाशी पडताना आत काळ्या सांध्यावर तांबूस सांधा वाजला.