एकत्र कुटुंब

नवरा गेल्यापासून उत्कर्षा बिबवेवाडीत दिराच्या बंगल्यामागच्या खोलीत राहत होती. मेक्सिकोतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या शहरांवर तिचं संशोधन चालू होतं.

पाहुण्यांसमोर दिराने छेडलं, "वहिनी, हजार वर्षांपूर्वी कोण गरीब, कोण श्रीमंत, हे तुम्हाला पुण्यात बसून कसं हो कळतं?"

"घरांच्या क्षेत्रफळावरून."

"आणि मोठ्या घरामागची खोली कोणाच्यात धरता?"

"तिथे वेगळी चूल सापडली, तर ते वेगळं घर. गरिबाचं."

पाहुण्यांनी खिडकीतून मागे पाहिलं. दिराचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी ती परतली, तेव्हा तिच्या खोलीतली शेगडी आणि सिलिंडर उचलून नेलेले होते.

"आता झालं ना एकच घर?" दीर म्हणाला.

जावेने मागच्या पायरीकडे बोट दाखवलं. "आमची जेवणं उरकली, की तिथे जेवायला बसत जा."