गुरुजींचा नंबर

बाबुराव गुरुजी म्हणजे वरळीच्या चाळीतल्या बौद्ध घरांचा हक्काचा माणूस. लग्न लावायचं असो की मयताचा विधी, फोन त्यांनाच. चाळ पाडल्यावर सगळे पांगले, पण नंबर प्रत्येकाकडे होता. बायकोच्या आजारपणात मोबाइलची बिलं थकली आणि कंपनीने नंबरच बंद केला. वर्षभर कुणी शोधत आलं नाही. "समाज विसरला आपल्याला," म्हणत गुरुजींनी विधीचा पांढरा सदरा ट्रंकेत टाकला. आज परळच्या खोलीच्या दारात अनोळखी मुलगी उभी. "गुरुजी तुम्हीच ना? तुमचा जुना नंबर मला मिळालाय. लोकांना 'राँग नंबर' सांगून तोंड दुखलं माझं! शेवटी फोन करणाऱ्यांनाच तुमचा पत्ता विचारत विचारत आले." तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिने उचलला, ऐकलं आणि गुरुजींपुढे धरला. "कुणाचे तरी वडील गेलेत. तुम्हालाच बोलावतायत." "जय भीम. कुठे यायचं?" म्हणत गुरुजींनी ट्रंक उघडली.