सगळ्या म्हणजे सगळ्या

मोर्चाच्या दिवशी फोन बंद ठेवणं ही देशसेवाच, हे जिल्ह्याच्या साहेबांनी उंब्रज गावच्या एक्स्चेंजला फोन करूनच सांगितलं. तिथं फौजेतून निवृत्त झालेला आकाराम ऑपरेटर होता. “सगळ्या लाइनी काढ. माझा फोन आल्याशिवाय एकही लावलीस, तर नोकरी गेली.” “तुमचीबी काढू, साहेब?” “सगळ्या म्हणजे सगळ्या. अक्कल शिकवू नकोस.” “न्हाई शिकवत.” आकारामनं बोर्डावरचा पहिला प्लग साहेबांच्याच लाइनीचा उपसला. संध्याकाळी साहेब जीपनं उंब्रजची धूळ खात आले. “मोर्चा संपला. लाव परत.” “फोन करा, साहेब.” “अरे, मी समोर उभा आहे.” “दिसताय की. पण हुकूम फोनचा हाय. न्हाईतर लेखी द्या, सकाळचाबी.” साहेबांनी पेन काढून दोन्ही हुकूम लिहिले. आकारामनं कागद खिशात घातला आणि प्लग लावले. गावात फोन चारच होते. मोर्चा दवंडी पिटून जमला होता.