माफीचा मसुदा

“कॉलेज में कभी आप पर अनुशासन की कोई कार्रवाई हुई है? हाँ कि ना?” टीनाने स्क्रीनवरचा प्रश्न वाचून दाखवला.

“ना,” पुंडलिक म्हणाला.

“हाँ,” रोशनी म्हणाली.

बापलेकीची उत्तरं एकाच वेळी आली, तशी टीनाने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. हिंदी मुलखातल्या नेहरू नगरात तिच्या च्वाइस सेंटरवर दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरले जात. फॉर्म भरताना घरातल्या गोष्टी उघड्यावर येतात, हे तिला सवयीचं झालं होतं.

पुंडलिक लेकीकडे वाकला. “अवं, लॉ कॉलेजचा फॉर्म हाये हा. वकील व्हाले निंगाली आन् पयल्याच पानावर डाग दाखवून राहिली? तीन साल झाले त्या गोष्टीले. कोण पाहाले जाते?”

“लपवलं आन् मागून निंगालं, तं अॅडमिशन कॅन्सल, बाबा. लिहिलं हाये खाली.”

लिहिलं होतंच, तेही ठळक अक्षरांत.

तीन वर्षांपूर्वी बी. ए.च्या परीक्षेत रोशनीच्या बाकाखाली चिठ्ठ्या सापडल्या होत्या. कॉलेजने बापाला बोलावून घेतलं. पुंडलिकची उभी हयात कारखान्यात, प्लांटमध्ये गेलेली, आणि प्लांटने त्याला एक शहाणपण पक्कं शिकवलं होतं. चार्जशीट हातात पडली की वाद घालायचा नाही. चूक आपली असो की नसो, माफी लिहून द्यायची, वॉर्निंग घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर व्हायचं. स्वतः तो चार वेळा असाच सुटला होता. युनियनच्या जानरावकडे माफीचा मसुदा तयारच असे. नाव आणि तारीख तेवढी घालायची. एव्हाना पाठ झालेला तोच मसुदा पुंडलिकने कॉलेजच्या पायरीवर बसून लिहून काढला आणि कागद लेकीपुढे सरकवला. तिने तो वाचला, बापाकडे एकदा पाहिलं आणि सही केली. वर्ष बुडायचं ते पंधरा दिवसांच्या निलंबनावर भागलं. स्वस्तात सुटलो म्हणून पुंडलिकने येताना समोसे बांधून घेतले होते. रोशनीने त्या संध्याकाळी एकही खाल्ला नव्हता.

“हाँ किया तो पूरा ब्योरा देना पड़ेगा,” टीना म्हणाली. “और उस समय का कोई कागज हो तो वो भी अपलोड करना है।”

रोशनीने फाईलमधून एक झेरॉक्स काढली. पुंडलिकने आपलं अक्षर लांबूनच ओळखलं. पोरीने हा कागद जपून ठेवला असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

टीना वाचू लागली. “‘मुझसे गलती हुई है। भविष्य में सभी नियमों एवं सुरक्षा निर्देशों का पालन करूँगी...’” ती थांबली. “सुरक्षा निर्देश?”

पुंडलिकने मान खाली घातली. घाईघाईत प्लांटची ती ओळ काढायची राहूनच गेली होती.

“इसमें तो मान लिया है कि नकल की थी,” टीना म्हणाली. “यही लिख दूँ?”

“नहीं।” रोशनीचा आवाज शांत होता. “लिखिए, मैंने नकल नहीं की थी। वो चिट मेरी नहीं थी। माफीनामे पर दस्तखत मेरे हैं।”

पुंडलिकने चमकून लेकीकडे पाहिलं. तीन वर्षांत हे वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. प्रकरण मिटलं, म्हणजे मिटलं.

टीनाने टाइप केलं आणि परत थांबली. “दीदी, फिर वो पूछेंगे ना? नहीं की थी, तो माफी क्यों माँगी? एक लाइन इसकी भी देनी पड़ेगी।”

पुंडलिकच खुर्चीवरून उठला. “लिखो मॅडम, के बाप ने लिख के दिया था। लडकी की कोई गलती नहीं। बाप प्लांट का आदमी है, उसको ऐसाच आता है।”

“अंकल, इसमें पापा का कॉलम नहीं है।”

तो उभाच राहिला. मदतीला धावून जावं आणि दारच बंद असावं, तसं त्याला झालं. रोशनी त्याच्याकडे वळली.

“बाबा, एक सांगा मले. त्या दिवशी प्रिन्सिपलले तुम्ही एक बार तरी काहून नाही म्हटलं, का माह्या पोरीनं हे केलं नाही म्हणून?”

उत्तरं पुष्कळ होती. कमिटी कडक होती, साल वाया गेलं असतं, आपण साधी माणसं, मोठ्यांशी कुठे वाद घालणार. यातलं कुठलंही उत्तर खपलं असतं. पण पोरगी आत्ताच त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःचं नुकसान करून खरं बोलली होती. तिच्यापुढे त्याला थाप मारवेना.

“मले वाटलं,” तो चाचरत म्हणाला, “तूनं केलं असन.”

टीनाने नजर स्क्रीनवर वळवली.

“विचाराले पाहिजे होतं तुले,” पुंडलिक म्हणाला. “चुकलंच माह्यं. लय चुकलं.”

रोशनी रडली नाही, चिडलीही नाही. एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तशी ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

“मी तं समजत होती, बाबा,” ती म्हणाली, “का आपण दुनियेले खोटं सांगून राहिलो, पण तुमाले खरं मालूम हाये. म्हणूनच तं सही केली.”