नऊ आणि तिनातले दोन

उभी रेघ म्हणजे एक. गुराच्या पायात घालतात तो फास रेखला की दहा.

ओल्या लाकडावरून सुताराचा तासायचा वाकस घसरतो.

शवपेटीच्या आत साप रंगवायचा तर त्याचं डोकं तोडून रंगवतात. पाखराला पाय रंगवतच नाहीत. आत जे रंगवलं ते आत जगतं.

केमीच्या वरच्या दातांमध्ये एक फट आहे, पाडलेल्या दाताची.

पलीकडच्या नावाड्याचं तोंड पाठीकडे असतं. मेलेल्या माणसाला होडीत घेण्याआधी तो एवढंच म्हणतो, बोटं मोज.

"मोज म्हटला की मोजीन," सेन्बी म्हणाला. "त्यात काय एवढं?"

तो अंगणात चटईवर पडला होता. पोट फुगलेलं, पाय वाळक्या लव्हाळ्यासारखे. हातभर अंतरावर त्याचीच पेटी होती, उंबराच्या लाकडाची. पेटीत उकिडवा बसून हेनू चितारी आतल्या फळीवर नावाड्याला द्यायचं उत्तर लिहीत होता. बोटांच्या ओळीपाशी तो थांबला.

"हात दाखव."

सेन्बीने दोन्ही पंजे वर केले. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. खालची दोन होती.

"दहा नाहीत तुझी," हेनू म्हणाला.

"नऊ लिही मग."

"आणि हे काय, खुंटी? नावाडी विचारील, हे कुणाचं? तिथं खोटं बोलणारा ह्या काठावरच राहतो. डोक्यावर चालायचं आणि घाण खायची. कायमचं."

"मग जेवढं आहे तेवढं लिही ना बाबा. तुला जवाची दारू कशाला पाजली?"

जेवढं होतं तेवढं म्हणजे नऊ आणि तिनातले दोन. धान्याच्या कोठारात लेखनिक असताना हेनूने ती खूण धान्याच्या मापांपुढे किती वेळा लिहिली असेल, त्याला गणती नव्हती. भाग सांगायचा तर आधी तोंड काढायचं, उघडं, आणि त्याच्या खाली आकडा. तोंडाखाली पाच, की पाचातला एक. तोंडाखाली दहा, की दहातला एक. भाग नेहमी एकच. तिनातले दोन, एवढीच काय ती सूट. तिथे आकडा नसतो. तोंडालाच खाली दोन रेघा फुटतात, एक लांब, एक आखूड.

कोठाराच्या पपायरसवर त्या रेघा असतात. पेटीत ते पाय होतात.

त्याने सेन्बीला तसं सांगितलं.

"पाय काढू नकोस."

"मग ते नुसतं तोंड. आकडा नव्हे. नावाडी मानणार नाही."

"आणि काढले तर?"

"तर ते चालायला लागेल. आत तू एकटा, ते एकटं. खायला दुसरं काही नाही."

चुलीपाशी त्याची बायको केमी पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"वहिनी," हेनूने हाक मारली, "तुटलेलं पेर कुठं गेलं? मढी खारात मुरवणारे लोक सुतळीनं बांधून देतात बघा. दहाची दहा पुरी होतात."

"नदीत पडलं. माशानं खाल्लं."

सेन्बीने मान वळवली. "तेव्हा तर मांजर म्हणाली होतीस."

"मांजरही असेल. लई वर्षं झाली, अहो."

"हिला काय आठवतंय, डोंबल!" सेन्बी हेनूला म्हणाला. "अरे, ह्या हातानं अर्ध्या गावाला होड्या करून दिल्या. आणि एक बायको सरळ केली." तो हसला. हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेना. केमी उठली, पिठाच्या हातांनी त्याचं डोकं उचललं, झोपेच्या औषधाचं पाणी पाजलं, ओठ पुसले. ओठ मिटूनच ती थोडं हसली.

सेन्बीने हेनूचं मनगट धरलं. मघाची मस्करी गेली होती. "ए हेनू. मला काठावर ठेवू नकोस रे. आणि ते... तेही आत ठेवू नकोस. काहीतरी कर."

मग औषधाने त्याचे डोळे मिटले. हात मात्र हेनूच्या मनगटावरच राहिला. तो केमीने सोडवला, एकेक बोट करून. मग ती पेटीच्या काठावर कोपरं टेकून आत वाकली.

"खोटं लिहू नका, भाऊजी. आहे तेवढंच लिहा."

"वहिनी, ते तोंड..."

"ऐकलं मी." आकड्यासाठी हेनूने पायाशी जागा सोडली होती. तिने तिकडे बघितलंही नाही. पिठाळलेलं बोट तिने दुसऱ्या टोकाला ठेवलं, जिथे सेन्बीचा चेहरा यायचा होता तिथे. "इथं."

"पाय?"

"दोन्ही."

ह्या वेळी ती तोंड उघडून हसली. फट दिसली.

हेनूने बोरू काळ्या रंगात बुडवला. आधी नऊ उभ्या रेघा ओढल्या. मग वरचा ओठ, मग खालचा. लांब पाय. आखूड पाय.

ज्या दिवशी सेन्बीच्या हातातला वाकस घसरला, त्या दिवशी केमीने ते पेर भुशातून उचललं, धुतलं, खारात मुरवलं आणि काजळाच्या डबीत ठेवून दिलं.